चौदाव्या सेकंदाचं हसू

१

रविवारी संध्याकाळी सात वाजता केवळराम टीव्हीवर पडला. दहा महिन्यांपूर्वी मेलेल्या माणसाला पडताना बघून अख्खं मोहटोला हसलं. आधी हसलं आणि मग ओळखलं, हा त्यातला वाईट भाग.

कार्यक्रमाचं नाव ‘आपटीबार’. लोकांनी घरून पाठवलेले गमतीचे व्हिडिओ त्यात दाखवतात. कुणाचा नवरदेव घोड्यावरून घसरतो, कुणाची म्हैस लग्नाच्या मांडवात शिरते, कुणाची आजी झोक्यावरून उताणी पडते. मागे हशा भरलेला असतो, बरणीतल्या लोणच्यासारखा, कधीही काढा, चव तीच. अड्याळपासून चार किलोमीटरवरच्या या गावात रविवारी सातला रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे, ते या कार्यक्रमापायी.

मंगलाबाई रामटेके त्या वेळी केवळरामच्याच घरी होत्या. मागून नेलेलं सूप परत द्यायला आल्या आणि टीव्हीसमोर टेकल्या. बाई एसटीत बावीस वर्षं कंडक्टर होत्या. पन्नास माणसांच्या गाडीत तिकीट न काढलेला एकावन्नावा कोण, हे त्या नुसत्या चेहऱ्यावरून सांगत. निवृत्त झाल्या तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती.

पडद्यावर धानाच्या भाऱ्यांनी लादलेली बैलबंडी होती आणि भाऱ्यांवर उभा एक म्हातारा कमरेवर हात ठेवून नाचत होता. “बघा, बघा, आजोबांना आली लहर!” निवेदक ओरडला. म्हातारा नाचता नाचता थांबला. समोर रोखून बघू लागला. पण बघणाऱ्याकडे नाही, बघणाऱ्याच्या जरा बाजूला, जणू तिथे आणखी कुणी उभं आहे. तो पुढे वाकला. भारे सरकले आणि भाऱ्यांसकट तो बंडीच्या मागच्या बाजूने खाली गेला. हात पसरून पडला, तो हललाच नाही.

“आजोबा, उठा! ब्रेकनंतर भेटायचंय!” निवेदक म्हणाला आणि हशाचा लोंढा आला.

मग तो हशा एकदम बंद झाला. पण चौदाव्या सेकंदाला, व्हिडिओ संपता संपता, एक हसू मागे उरलं. एकट्याचं, घोगरं, जेमतेम अर्ध्या सेकंदाचं. त्यानंतर जाहिरात लागली.

केवळरामच्या बायकोच्या, चंद्रभागाबाईंच्या हातातलं तांदूळ निवडायचं ताट खाली पडलं. गेल्या कार्तिकात त्या शेतावरून दिवेलागणीला घरी आल्या, तेव्हा नवरा खळ्यात बंडीमागे असाच हात पसरून पडलेला होता. बैल जुंपलेलेच होते. डोक्याला आतून मार, वरून रक्ताचा थेंब नाही. डॉक्टर म्हणाले होते, तासाभरात आणलं असतं तर वाचले असते. आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं की केवळराम मेला तेव्हा खळ्यात चिटपाखरू नव्हतं.

“मंगलाबाई,” चंद्रभागाबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, “तिथं कोनीच नोहतं, तर मंग हे काढलं कोनं?”

२

गावाला उत्तर शोधायला एक रात्रही लागली नाही. गावाला उत्तरं नेहमीच लवकर सापडतात. बरोबर असतात की नाही ही वेगळी गोष्ट.

केवळरामचं खळं दोन घरांच्या मधोमध आहे. एका अंगाला त्याच्या स्वतःच्या घराचं मागचं दार, समोरच्या अंगाला धाकट्या भावाचं, हिरालालचं कुंपण. दोन्हीकडे तेव्हा धानाच्या भाऱ्यांची उंच पुंजनं रचलेली. बंडी त्या दिवशी पिंपळाकडे तोंड करून उभी होती, हे तिथे जमलेल्या शंभर माणसांनी बघितलं होतं. मागच्या दारात उभं राहिलं की पिंपळ उजव्या हाताला येतो. टीव्हीवर बंडीचं तोंड उजव्या हाताला होतं. म्हणजे व्हिडिओ मागच्या दारातून निघाला, आणि त्या दिवशी घरात एकटी सून होती.

सुनेचं नाव रुचिता. सासऱ्याला ‘आपटीबार’चं वेड होतं आणि त्याचे दोन व्हिडिओ याआधी तिनेच काढून पाठवले होते, ते काही लागले नव्हते. आता तिसरा लागला. सासरा मरत होता आणि ही हसत व्हिडिओ काढत होती, असं गाव म्हणू लागलं. तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला असलेला नवरा, निकेश, दुसऱ्या दिवशी आला. तो बायकोशी एक शब्द बोलला नाही. त्याने सरळ लाखांदूरला तिच्या भावाला फोन लावला: पुढच्या बुधवारी या आणि बहिणीला घेऊन जा. चार वर्षांची टीना इथेच राहील.

मंगळवारी सकाळी रुचिता मंगलाबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते, पण आवाज कोरडा होता.

“मावशी, मी व्हिडिओ नाई काढला. माझी पोरगी मले देऊन टाका, मंग कुठंबी पाठवा.”

“बस आधी,” मंगलाबाई म्हणाल्या. “त्या दिवशी तू कुठं होती?”

हा प्रश्न ऐकून रुचिता त्यांच्याकडे बघतच राहिली. मग सांगू लागली. दोन दिवसांचा ताप होता. टीनाला कुशीत घेऊन ती पुढच्या खोलीत पडली होती. दुपारी झोपेत हसण्याचा आवाज आला. मामाजी, म्हणजे सासरे, हसत होते, आणखी कुणी हसत होतं. “मले वाटलं, मामाजी ‘आपटीबार’ पाहून राहिले. मी कूस बदलून झोपली.”

“अन् तुझा मोबाईल?”

“बंद पडला होता, मावशी. सकाळपासून लाइनच नव्हती. नळालेबी पानी नाई आलं. रात्री आठाले आली लाइन, तेव्हा तर घरात रडारड सुरू होती.”

मंगलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“रुचिता,” त्या हळू म्हणाल्या, “लाइन नव्हती, तर टीव्ही कसा सुरू होता वं?”

३

म्हणजे दोन माणसं हसत होती आणि त्यातला एक मेला. दुसरा कोण, हे शोधायला मंगलाबाई बाहेर पडल्या. गावाने तोवर त्या खळ्यावरून जाणं सोडलं होतं. दुपारी तिथून कुणी हसल्याचा आवाज येतो म्हणे. पोरांना धाक घालायलाही आता केवळरामचंच नाव पुरत होतं. जो माणूस हयातभर गावाला हसवत आला, त्याच्या वाट्याला हे यावं, याचा मंगलाबाईंना राग आला.

पहिला संशय अंकुशवर. हा मळणीयंत्रवाला. मळणीच्या पाळीवरून मरणाच्या आदल्याच दिवशी केवळरामचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालेलं. वर हा दिवसरात्र मोबाईलवर रील काढणारा. मंगलाबाई गेल्या तेव्हा तो यंत्राखाली उताणा होता.

“मीच काढला असंल, असंच वाटते ना सगळ्याईले?” तो खालूनच म्हणाला. “मावशी, मी त्या दिवशी अड्याळले होतो. यंत्राचा पट्टा तुटला होता. दिवसभर दुकानीच बसलो. विचारा प्रितमले, त्या मोबाईलवाल्याले. त्याच्याच दुकानासमोर होतो.”

“आपल्या गावचं कोनी दिसलं तुले तिथं?”

“हिरालालकाका. चार-साडेचारले आले असन. मले चहा पाजला काकानं, अन् वरून आलूबोंडा.” अंकुश बाहेर आला आणि स्वतःशीच हसला. “लई खुशीत होता बुढा. माझ्या जन्मात पहिल्यांदा पाहिला मी त्याले हसताना. घरी गेले तं भाऊ मेलेला. नशीब पाहा ना कसं असते.”

त्याच्या मोबाईलमध्ये टीव्हीवरून उतरवलेला तो व्हिडिओ होता. मंगलाबाईंनी तो आपल्या मोबाईलवर घेतला.

दुसरा हिरालाल. या दोघा भावांचं वैर तालुक्यात प्रसिद्ध होतं. जमीन नाही, विहीर नाही, भांडण नाटकावरून. तरुणपणापासून दोघे मंडईच्या नाटकात काम करत. इकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक हवंच. केवळराम स्टेजवर मरायचा तो असा की बायका पदर डोळ्यांना लावत. आणि टाळ्या पडल्या की उठून पुन्हा मरायचा. एका वर्षी तो एकाच प्रवेशात तीनदा मेला. त्याच्या मढ्यावर हिरालालला जे मोठं भाषण करायचं होतं, ते करायला वेळच उरला नाही. त्या दिवसापासून अकरा वर्षं भाऊ भावाशी बोलला नव्हता. अंत्ययात्रेत मात्र सगळ्यांत मागे चालत होता.

हिरालाल ओसरीवर मोबाईल धरून बसला होता. पलीकडून नागपूरची नात, डिंपल, बोलत होती. “आजोबा, वासरू दाखवा ना!” म्हाताऱ्याने मोबाईल उचलला आणि त्याचा पडदाच वासराच्या तोंडासमोर धरला. “दिसलं काय?” त्याने मोबाईलच्या पाठीमागून विचारलं. मोबाईलच्या पाठीवर, काच असते तिथे, काळी चिकटपट्टी डकवलेली होती. वासराने पडदा चाटला. पलीकडे डिंपल खिदळली.

“हिरालालभाऊ, टीव्हीवरचं पाहिलं?” फोन ठेवल्यावर मंगलाबाईंनी विचारलं.

“नाई पाहिलं. पाहनार बी नाई.”

“सुनेले धाडून राहिले म्हनते.”

म्हातारा वासराच्या गळ्याखाली खाजवत राहिला. त्याने मंगलाबाईंकडे बघायचं टाळलं.

“ते घर त्याईचं, सून त्याईची,” तो म्हणाला. “मी त्या घराशी बोलत नाई, बाई. तुमाले ठाऊक आहे.”

मंगलाबाई उठल्या. माणूस काहीतरी लपवतो आहे, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण टीव्हीवरची बंडी रुचिताच्या दारातून दिसत होती, हिरालालच्या कुंपणातून नाही. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणायचं?

४

तो भाग वाहिनीवर रोज दुपारी दोनला पुन्हा दाखवत. चंद्रभागाबाई रोज दोनला टीव्हीसमोर बसत. आता तर त्या बघायच्या आधी दार लावून घेत आणि दिवा लावत. सोमवारी, म्हणजे रुचिताला न्यायला दोन दिवस उरले असताना, मंगलाबाईंनी ते दार वाजवलं.

खोलीत उदबत्तीचा धूर कोंदला होता. पडद्यावर केवळराम नाचत होता. मंगलाबाई मागे उभ्या राहिल्या. म्हातारा थांबला, रोखून बघू लागला, आणि या वेळी त्यांना वाटलं की तो आपल्या खांद्यामागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघतो आहे. वय साठ, वस्तीत भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्यांना झापणारी बाई, पण त्यांनी मागे वळून बघितलंच. मागे भिंत होती.

तो पडला. हशा झाला, थांबला. एकट्याचं ते हसू आलं.

“पाहिलं?” चंद्रभागाबाई शांतपणे म्हणाल्या. “हे आमचे नोहेत.”

“कोन नोहे?”

“हे. रूप आमच्या माणसाचं घेतलं, पन हे उलट्या दुनियेतलं आहे. भुताचे पाय उलटे असतेत ना, तसं याचं सगळंच उलटं. मी म्हनलं निकेशले. तो म्हनला, आई चळली.”

“काय उलटं आहे, बाई?”

“बैल पाहा ना! नऊ वर्सं मी चारा घातला त्याईले. ढवळ्या डाव्या अंगाचा, लाल्या उजव्या अंगाचा. एक दिवस पालटले नाईत. अन् इथं पाहा, आपल्या अंगाले ढवळ्या आहे. बंडीचं तोंड तिकडं, उजव्या हाताले. मंग आपल्याकडचा बैल उजवा असते का नाई? तो लाल्या पाहिजे. भुताच्या बंडीले भुताचे बैल, दुसरं काय!”

मंगलाबाईंनी मोबाईल काढला आणि अंकुशकडचा व्हिडिओ लावून थांबवला. बंडीचं तोंड उजवीकडे. समोर दिसतो तो बैल पांढराशुभ्र, तांबडा त्याच्या आड. गावातल्या शंभर माणसांनी हे बघितलं होतं. पण सगळे बघत होते माणसाकडे. बैलाकडे बघितलं ते त्याला चारा घालणारीने, आणि तिलाच गावाने वेडी ठरवलं.

त्यांनी चित्र मोठं केलं. केवळरामच्या सदऱ्याचा खिसा, त्यातली तंबाखूची पुडी. खिसा उजव्या छातीवर होता.

बावीस वर्षं मंगलाबाईंनी गाडीत ड्रायव्हरच्या आरशात मागची माणसं बघितली होती. आरशात डाव्या कानातली बाळी उजव्या कानात दिसते. डाव्या दाराने उतरणारा उजव्या दाराने उतरताना दिसतो. नवीन कंडक्टर फसतो, जुना नाही.

“चंद्रभागाबाई,” त्या म्हणाल्या, “तुमी चळल्या नाईत. गाव चळलं. उद्या निकेशले सांगा, बुधवारी खळ्यात बंडी उभी कर म्हनावं. अन् दोन्ही बैल.”

५

बुधवारी चारला खळ्यात गाव लोटलं. लाखांदूरहून रुचिताचा भाऊ, प्रफुल्ल, आला होता. ओट्यावर तिची पेटी बांधून ठेवलेली. रुचिता पेटीशेजारी, आणि टीना चंद्रभागाबाईंच्या मांडीवर. हिरालाल कुंपणापलीकडे आपल्या अंगणात उभा होता. वैर म्हणजे वैर, तो या बाजूला यायचा नाही.

“निकेश,” मंगलाबाई म्हणाल्या, “बंडी पिंपळाकडं तोंड करून ठेवली ना? आता ढवळ्याले उजव्या अंगाले जुंप.”

“मावशी, तो डाव्या अंगाचा आहे.”

“जुंप म्हनलं ना मी.”

निकेशने कासरा धरून ढवळ्याला उजवीकडे नेलं. बैल जुवाजवळ आला, थबकला, मान झटकली आणि सगळ्यांच्या देखत बंडीच्या पुढच्या दांड्याला, धुरीला, वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. मान आपणहून खाली. पुन्हा नेला, पुन्हा तेच. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“टीव्हीवर बंडीचं तोंड उजवीकडं अन् पुढं दिसते ढवळ्या,” मंगलाबाई म्हणाल्या. “म्हंजे ढवळ्या उजव्या अंगाले. तुमी आत्ताच पाहिलं, तो उजव्या अंगाले उभाच राहत नाई. केवळरामदादाच्या सदऱ्याचा खिसाबी उजव्या छातीवर. असा सदरा कोनता शिंपी शिवते? व्हिडिओ आरशासारखा उलटा आहे. सुलटा केला की बंडीचं तोंड डाव्या हाताले येते. आता या खळ्यात पिंपळ डाव्या हाताले कुठून दिसते, ते तुमीच सांगा.”

 शंभर माना हळूहळू वळल्या. एकाच दिशेने, कुंपणाकडे.

“व्हिडिओ पुढच्या कॅमेऱ्यानं काढला की काही मोबाईलात तो असा उलटा साठते,” मंगलाबाई पुढे म्हणाल्या. त्यांना आता थांबावंसं वाटत होतं, पण ओट्यावर पेटी होती. “अन् दादाची नजर आठवा. ते कॅमेऱ्यात नाई पाहत, जरा बाजूले पाहतेत. तुमी म्हनता भूत पाहून राहिले. ते स्वतःलेच पाहून राहिले होते, पडद्यात. पडदा त्याईच्याकडं होता. आपन टीव्हीवर कसे दिसू ते पाहायले वाकले अन् भारे सरकले. असा पडदा समोरच्याच्या तोंडापुढं धरून व्हिडिओ कोन काढते? ज्याच्या मोबाईलचा मागचा कॅमेरा फुटला आहे तो.”

कुंपणापलीकडे हिरालालने खिशावर हात दाबून धरला.

“त्या दिवशी साडेचारले तो मानूस अड्याळले खुशीत चहा पाजत होता. प्रितमच्या दुकानासमोर. मी काल प्रितमले भेटली. व्हिडिओ त्याच्याच दुकानातून गेला, त्याच दिवशी. दहा महिन्यांनी टीव्हीवाल्याईले तो गोड लागला.”

निकेशच्या हातातला कासरा सुटला. तो कुंपणाकडे झेपावला.

“काका! माझा बाप मरत होता अन् तू हसून राहिला होता?”

६

अंकुश आणि प्रफुल्लने निकेशला धरलं नसतं तर त्या दिवशी दुसरं मढं पडलं असतं. हिरालालने कुंपणाची काटेरी फांदी हाताने बाजूला केली आणि अकरा वर्षांनी तो भावाच्या खळ्यात उतरला. तळहातातून रक्त येत होतं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

“होय,” तो म्हणाला. “हसून राहिलो होतो.”

त्याने सांगितलं ते असं. त्या दुपारी तो अंगणात बसला होता. भाऱ्यांवरून हाक आली, “ए हिऱ्या!” अकरा वर्षांनंतरची पहिली हाक. केवळराम वर उभा. म्हणाला, “सून तापानं झोपली आहे. तू मोबाईल आन. असा पडतो की टीव्हीवाले पाहतच राहतीन. अन् पडदा माझ्याकडं धर, मले दिसलं पाहिजे.”

“माझा मागचा कॅमेरा फुटलाच होता. मी धरला,” हिरालाल म्हणाला. “तो नाचला. मले हसू आवरे ना. मंग पडला. काय पडला! मी म्हनलं, वा रे नट. टाळी वाजवल्याबिगर तो उठत नाई, हे माझ्यापेक्षा कोनाले जास्त ठाऊक? तीनदा मेलेला मानूस तो. मी म्हनलं, पड आता. आज नाई वाजवत टाळी. त्या दिवशी माझं भाषण खाल्लं ना, आता पाह वाट. अन् मी गेलो.”

हिरालालने रक्ताळलेला हात अड्याळच्या रस्त्याकडे केला.

“रस्ताभर हसत गेलो, बाई. म्हनलं, व्हिडिओ धाडतो अन् येतो, अन् आल्यावर त्याच्या घरी जेवतो. परत आलो तं त्याले झाकून ठेवलं होतं.” म्हातारा मटकन खाली बसला. “कोनाले सांगू? अकरा वर्सांचं वैर. मी तिथं होतो म्हनलो असतो, तं तुमी म्हनले असते यानंच ढकलला.”

चंद्रभागाबाई उठून त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, आता हात उचलतील.

“मरायच्या आधी ते तुमच्याशी बोलले?” त्यांनी विचारलं.

“बोलला, वहिनी.”

“हसले?”

“लई हसला.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग पदराने त्याच्या तळहातावरचं रक्त पुसलं, इतक्या जोरात की म्हातारा कळवळला.

“हे तं देवानं केलं, भाऊजी. त्याचा हिसोब मी तुमच्याकडं मागत नाई. पन ह्या दहा दिवसांचं काय? लेकरू मायपासून तुटत होतं अन् तुमी कुंपनाआडून पाहत होते. ते कोनं केलं?”

 हिरालालने ओट्याकडे बघून हात जोडले. रुचिताने मान हलवली नाही, होय म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. मंगलाबाईंना वाटलं, बरं केलं पोरीने. सगळ्याच गोष्टींची लगेच माफी द्यायची नसते.

निकेश खाली मान घालून ओट्याकडे गेला. त्याने पेटी उचलली आणि आत न्यायला वळला.

“ठेव ते,” रुचिता म्हणाली.

“आता कायले जाते? सगळं कळलं ना गावाले.”

“गावाले कळलं. तुले कसं कळलं? बैलानं सांगितलं तेव्हा.” तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “दहा दिवस एका घरात होतो आपन. टीव्हीवर चौदा सेकंद पाहिले, अन् ते तुले पुरले. मले एकदाबी नाई विचारलं.”

बस यायची वेळ झाली होती. प्रफुल्लने बहिणीकडे बघितलं, ती उठली नाही. टीना आजीच्या मांडीवरून सुटून आईला येऊन चिकटली. पेटी ओट्यावर होती, घराच्या आतही नाही आणि बाहेरही नाही. गावातली माणसं एकेक करून पाय काढता घेऊ लागली. कारण आता जे होणार होतं ते बघण्यासारखं नव्हतं आणि हसण्यासारखं तर नव्हतंच.

मंगलाबाईही निघाल्या. पिंपळाजवळ त्यांनी वळून बघितलं. निकेश पेटी सोडून ओट्याखाली मातीत बसला होता, बायकोपेक्षा एक पायरी खाली.

“रुचिता,” शेवटी तो म्हणाला, “त्या दिवशी तू कुठं होती?”

रुचिताने टीनाच्या केसांतलं धानाचं तूस काढलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागली.